ब्याऐंशी सेंटीमीटर

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याबद्दल तू डॉक्टरांनाच चार गोष्टी सुनावल्यास हे वाचून बरं वाटलं. तेवढंच माझ्या वाट्याचं कमी होईल.

आता मुद्द्याचं. हे पत्र वाचलंस की फाडून टाक आणि चिमणीला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस. मी कारखान्यात अर्ज दिला आहे. भिंगं घासायच्या विभागाचं प्रमुखपद सोडून पुन्हा मशीनवर बसायचं, साधा कारागीर म्हणून. तेही अर्धवेळ, सकाळी आठ ते बारा.

तू कपाळाला हात लावला असशील, म्हणून कारण सांगतो. अकरा वर्षं मी काचेच्या केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे. रजेचे अर्ज, हजेरी, पंखा कुणाच्या डोक्यावर फिरावा यावरची भांडणं. गेल्या महिन्यात एक भिंग तक्रारीत परत आलं, कडेला बारीक टवका आहे म्हणून. आम्ही जुने लोक टवका डोळ्याने शोधत नाही, कडेवरून अंगठा फिरवतो. मी फिरवला. काही लागलं नाही. मशीनवरच्या मावशींनी फिरवला आणि क्षणात जागा दाखवली. ताई, माझा अंगठा मऊ पडला आहे. चार वर्षांनी निवृत्त होईन तेव्हा घड्याळ मिळेल, हार मिळेल, आणि हातात काही नसेल. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

शिवाय जूनमध्ये आमचा आणि शेजारचा विभाग एक होणार, दोघांपैकी एका प्रमुखाला खाली उतरवणार, अशी कुजबुज आहे. कुणी उतरवण्याआधी आपणच उतरलेलं बरं.

घोडं एकाच ठिकाणी अडलं आहे. पगार उतरला की पेन्शनही उतरते, म्हणून अर्जाला जोडीदाराची संमतीची सही लागते. ३१ मार्चच्या आत सही नाही आली तर अर्ज रद्द. मी तो फॉर्म विजेचं बिल आणि विम्याचा कागद यांच्या मध्ये घालून चिमणीपुढे ठेवणार आहे. मी बोट ठेवतो तिथे ती सही करते, हा आमच्या घरचा अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता आहे.

तू एकतीस वर्षं पगार विभागात काढलीस. मला नेमकं किती कमी मिळेल ते कळव. सोबत नियमांची नक्कल जोडली आहे.

पगार उतरला तरी तुझा लोभ उतरू नये, एवढंच मागणं.
तुझा,
ठोंब्या


दि. ९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलेलं नाही. फाइलला लावलं आहे. पगार विभागातली माणसं कागद फाडत नसतात.

तुझं हे टोपणनाव तू दोन वर्षांचा असताना मीच ठेवलं होतं. कधीकधी वाटायचं की अन्याय झाला. आज ती शंका फिटली.

नीट वाच. तुला आता शंभर मिळतात असं धर. नियम क्रमांक सात: स्वतःच्या अर्जावरून खालच्या पदावर जाणाऱ्याला त्या खालच्या पदाची शेवटची पायरी मिळते. ती सत्तर. तू वेळही अर्धा मागितलास, म्हणजे पस्तीस. शंभराचे पस्तीस, आणि हे तू स्वतःच्या हाताने, शुद्ध अक्षरात, वर नम्र विनंती असं लिहून मागितलंस. पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे तीही पस्तिसावरच बसणार.

आता नियम क्रमांक आठ, जो तुझ्याच नकलेत त्याच पानावर आहे आणि जो तू वाचला नाहीस. कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी माणसाला खाली आणलं तर त्याचा जुना पगार गोठवतात. वाढत नाही, पण कमीही होत नाही. जूनपर्यंत तू तोंडाला कुलूप लावून बसला असतास, तर तुला त्यांनी उतरवलं असतं आणि शंभर तसेच राहिले असते. पण तुला उतरवून घ्यायचं नव्हतं, स्वतः उतरायचं होतं. हा असला ताठा मी बऱ्याच साहेब लोकांत पाहिला. त्यांचे हिशेब मीच करत असे आणि दुपारच्या सुटीत मैत्रिणींबरोबर हसत असे.

अर्ज मागे घे. नाही घेतलास तरी बायकोला सांग. बिलांमध्ये फॉर्म लपवून सही घेणं याला शिरस्ता म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात, आणि ती तुला जमत नाही. चिमणी दिसते तेवढी भोळी नाही.

अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं. तेही फाइलला लावलं आहे.

गुडघा दुखतो, पण तुझ्या डोक्यापेक्षा बरा चालतो. आशीर्वाद पूर्ण वेळेचे आहेत, त्यात कपात नाही.
तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने काल माझ्यापुढे तीन कागद ठेवले. वर विजेचं बिल, खाली विमा, आणि मधल्या कागदावर त्याच्या बोटाचा चक्क ओला ठसा उमटला. अठ्ठावीस वर्षांत बिलावर सही घेताना या माणसाला घाम फुटलेला मी पाहिला नाही. मधला कागद काय आहे ते मी एका नजरेत वाचलं आणि चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. आता तो पिठाच्या डब्यात आहे.

तुम्हाला यातलं ठाऊक असणार. तो नाक पुसायचं झालं तरी आधी तुम्हाला विचारतो. म्हणून थेट लिहिते: त्याला थांबवा. तो बारा वाजता घरी यायला लागला तर माझं बिंग फुटेल.

घाबरू नका, तसलं काही नाही. मी नोकरी करते. गेली तीन वर्षं, दुपारी एक ते पाच, टपाल कचेरीमागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकणारा गाडी चालवतो, मी शेजारी बसते आणि माझ्या पायाखालच्या जादा ब्रेकवर जीव मुठीत धरते.

तुम्हाला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी फाटकाला आमच्या गाडीचा पत्रा घासला होता. त्यावर तुमच्या भावाने सगळ्यांदेखत हसून सांगितलं की गाडी हा काही हिचा प्रांत नाही. मीही हसले. पुढच्या आठवड्यात जाऊन शिकवण्याच्या परवान्याची चौकशी केली. आधी गंमत म्हणून लपवलं. मग सांगायला उशीर झाला म्हणून लपवलं. आता इतका उशीर झाला आहे की कोणत्या तोंडाने सांगू तेच कळत नाही.

मालकीणबाई तिसऱ्यांदा विचारताहेत: पूर्ण वेळ ये, मुख्य प्रशिक्षक हो. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं, कारण साडेपाचला साहेबांना चहा लागतो. खरं सांगू, मला ती जागा हवी आहे. इतकी हवी आहे की लाज वाटते.

हे कुणाला सांगू नका. वचन द्या. लोभ आहेच, पण यावेळी लोभापेक्षा गुप्तता जास्त असू द्यावी.
तुमची,
चिमणी


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

वचन दिलं. मी कुणाला काही सांगणार नाही.

एकाच घरात दोन माणसं राहतात. एकाला खाली यायचं आहे, दुसरीला वर जायचं आहे, आणि दोघंही जिना अडवून उभी आहेत. दोघांची पत्रं मला येतात. टपालखात्याला तुमच्यामुळे बरे दिवस आले आहेत.

तो मशीनवर का परत जातोय हे तू त्याला विचार. विचारल्याशिवाय सही करू नकोस, आणि विचारल्याशिवाय नाकारूही नकोस. पिठात चष्मा ठेवू नये, बिजागरी खराब होते.

सदैव तुझ्या बाजूची, पण त्याचीही बहीण,
वन्सं


दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटलं, तिसऱ्यांदा नियम आठ वाचायला घेतला. त्याच्या खाली बारीक टीप आहे, ती तूही वाचली नाहीस. पगार गोठवायचा तर माणूस पूर्ण वेळ आणि जिथे लावतील तिथे बसला पाहिजे. मला गोदामात याद्या तपासायला लावतील. पगारही गोठेल आणि मीही. अर्ज मागे घेणार नाही.

पण सहीचं अजून घोंगडं भिजत पडलं आहे. चिमणीचा चष्मा हरवला. मी म्हटलं, भिंगांच्या कारखान्यातल्या माणसाच्या बायकोचं चष्म्यावाचून अडावं हे काही शोभत नाही. तिचा नंबर मला पाठ आहे. जेवणाच्या सुटीत मशीनवर बसलो, अकरा वर्षांनी. सगळे डबे सोडून बघायला जमले. मावशींनी मागे उभं राहून सांगितलं की साहेब, दाब जास्त होतोय. पहिलं भिंग फुटलं. दुसऱ्याचा मध्य चुकला, तो चष्मा घालून चिमणीने जिन्याला एक पायरी जास्त मोजली. ताई, इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, पण त्या दोन चुका करताना जी मजा आली ती एकदाही आली नव्हती.

तिसरा चष्मा चोख झाला. चिमणीने त्यातून वर्तमानपत्र घडाघडा वाचलं, आणि मी लगेच फॉर्म काढला. तर म्हणाली, आधी काटा दिसू दे. कुठला काटा, विचारलं. स्वयंपाकघरातल्या वजनाचा, म्हणाली. तो तर चाळीस सेंटीमीटरवर असतो, तिथे हा चष्मा उत्तम आहे. तिचं आपलं एकच, काटा धूसर दिसतो.

मग मी चाचणीची भिंगं घरी आणली. हातात घड्याळ धरून मागे मागे सरकत गेलो. जिथे तिने थांब म्हटलं तिथे टेप लावली. ब्याऐंशी सेंटीमीटर. तीनदा केलं, तीनदा ब्याऐंशी. त्या अंतराचं भिंग करून दिलं, तर माझ्याकडे बघून इतकी गोड हसली की मला संशय आला.

घरात ब्याऐंशी सेंटीमीटरवर काय आहे? मी टेप घेऊन फिरलो. शेगडी साठ. आरसा पन्नास. टीव्ही तीन मीटर. शेवटी गाडीत जाऊन बसलो. चालवणाऱ्याच्या डोळ्यापासून वेगाच्या काट्यापर्यंत अडुसष्ट. मग शेजारच्या सीटवर बसलो, जिथे चिमणी बसते. ब्याऐंशी, मिलिमीटरचाही फरक नाही.

उलगडा झाला, पण मन खट्टू झालं. माझी बायको माझ्या शेजारी बसून माझा वेग तपासते. अठ्ठावीस वर्षं तिचा माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही आणि ती बिचारी बोलली नाही. अशा बाईकडे मी पस्तीस टक्के पगारावर सही कोणत्या तोंडाने मागू? आधी तिचा विश्वास परत मिळवला पाहिजे. कसा, ते तू सांग.

खट्टू असलो तरी तुझ्या लोभाला पात्र,
ठोंब्या


दि. १३ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

टीप माझ्या नजरेतून सुटली, हे कबूल. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गोदामाचं तुझं म्हणणं रास्त आहे, तेही कबूल. आता फार शेफारू नकोस.

तुझा तर्क वाचून मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. अंतर तू बरोबर काढलंस. एवढंच बोलते, कारण जास्त बोलायची मला मनाई आहे.

चिमणीचा विश्वास मिळवायचा असेल तर चार तास शिकवणी लाव. परवाना असला तरी उजळणी घेतात लोक. तुमच्या टपाल कचेरीमागे एक ड्रायव्हिंग स्कूल आहे म्हणे. दुपारी दोनची वेळ माग. त्या वेळेला एक बाई शिकवतात, कडक आहेत पण हाताखालून गेलेला माणूस सुधारतो, असं ऐकून आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाक. घरी सांगू नकोस, लपवालपवीची तुला आता सवय झालीच आहे.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही, हे या पत्रात लेखी नमूद करून ठेवते.

शिकवणीनंतर जिवंत राहिलास तर लिही. आशीर्वाद सोबत आहेत, सीटबेल्ट तुझा तू लाव.
तुझी,
ताई


दि. २४ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुम्ही वचन मोडलं नाहीत. कसं मोडलं नाहीत ते मला आता कळलं आहे आणि याचा बदला मी सवडीने घेईन.

काल दोनच्या तासाला माझ्या यादीत लिहिलं होतं: वयस्क गृहस्थ, परवाना आहे, आत्मविश्वास नाही. मी गाडीत बसून वाट बघत होते. दार उघडून गृहस्थ आत बसले, बघतात तर शेजारी मी.  तुमच्या भावाने आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. मग समोरच्या काट्याकडे पाहिलं. मग, वन्सं, खिशातून टेप काढून माझ्या डोळ्यापासून काट्यापर्यंत धरली, आकडा वाचला आणि टेप परत खिशात ठेवली. मी त्याला पट्टा लावायला सांगितलं. तासाचे पैसे भरले होते, मग तास पूर्ण व्हायला नको का?

पहिली दहा मिनिटं मी फक्त डावीकडे, उजवीकडे, पुढे बघ एवढंच बोलले. दोनदा माझा ब्रेक दाबावा लागला. तिसऱ्या सिग्नलला लाल दिवा होता, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं ते विचारलं. मशीनवर का जायचंय? त्याने स्टिअरिंगवरून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, अंगठा बघ.

दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवायला लागले, तरी मी त्याचा अंगठा धरूनच बसले होते. पगाराचे शंभराचे पस्तीस होणार हेही त्याने सांगितलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. हा अंगठा पूर्वी इतका खरखरीत होता की माझ्या रेशमी रुमालाचे धागे निघायचे, मी ओरडायचे. तो मऊ पडला कधी? मी अठ्ठावीस वर्षं त्याच्या शेजारी आहे आणि मला समजलं नाही. तीन वर्षं मी त्याच्यापासून नोकरी लपवली म्हणून मिरवत होते. तो याच्यापेक्षा मोठी गोष्ट लपवत होता आणि मी विचारलंही नव्हतं. मला रडू आलं. चष्मा ओला झाला, मग काटा काही दिसेना.

फाटकाच्या पत्र्याबद्दल तो काय बोलला होता ते त्याला आठवतच नाही. हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं, आणि मी ते सांगितलं. त्याने माफी मागितली. माफी मागता मागता गाडी मागे घेत होता, त्यात आरसा भिंतीला घासला. मी काही बोलले नाही. फार सुख झालं.

सही मी टपावर शिकाऊ पाटी असलेल्या त्या गाडीच्या बॉनेटवर, त्याच्या खिशातला फॉर्म ठेवून केली. मग मी मुख्य प्रशिक्षकाच्या जागेचं सांगितलं, तर त्याने विचारलं, अजून घेतली का नाहीस. मी साडेपाचच्या चहाचं बोलले. त्यावर म्हणाला, बाराला सुटलो की साडेपाचपर्यंत मला साडेपाच तास मिळतात, तेवढ्यात चहाचा डबा सापडेल.

मालकीणबाईंना आज होकार कळवला. तुमच्या लबाडीवरचा माझा लोभ शतपट वाढला आहे.
तुमची,
चिमणी


दि. ३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिना झाला मशीनवर. पहिला पगार आला, तुझा आकडा अचूक निघाला. पाकीट इतकं हलकं होतं की मी उलटं करून बघितलं. केबिनमध्ये आता शेजारच्या विभागाचा प्रमुख बसतो आणि काचेवर टकटक करून मला लवकर आटपायला सांगतो. मीही पूर्वी तसंच टकटक करायचो. फार चीड येते. याची चीड येते हे त्याला कुणी सांगितलं नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणतात दाब सुधारतोय, पण साहेबी चाल अजून गेली नाही.

दुपारी घर माझं असतं. चहाचा डबा सापडला. त्यात साखर होती. चहा साखरेच्या डब्यात असतो हे आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं चालू आहे आणि मला ते या एप्रिलमध्ये कळलं. चिमणी सहाला दमून येते, पाय वर करून बसते आणि चहा फिका झाला म्हणून सांगते. पगार तिचा माझ्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. गाडी आता तीच चालवते. मी शेजारी बसून काटा बघतो, आणि माझं म्हणणं आहे की ती वेगात चालवते. मलाही तसा चष्मा करून घ्यायला पाहिजे.

काल तिने नेमणुकीचा फॉर्म घरी आणला, त्यालाही जोडीदाराची सही लागते, आणि माझ्यापुढे ठेवला, जिथे सही करायची तिथे बोट ठेवून. मी म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही. तिने पिठाचा डबा उघडला आणि माझा चष्मा काढून दिला. तिथे तो कधी गेला हे मी विचारलं नाही.

मग सगळा फॉर्म वाचला. एक रकाना आहे: कमावत्या व्यक्तीवर अवलंबून असलेली माणसं. माझ्या फॉर्ममध्ये इतकी वर्षं त्या जागी तिचं नाव असायचं. तिने लिहिलं होतं: नवरा, अर्धवेळ.

हसलो, सही केली. मग काय वाटलं कोण जाणे, कागद उलटा केला आणि त्या ओळीच्या मागून अंगठा फिरवला. चिमणी पेन दाबून लिहिते. ताई, अक्षर न् अक्षर लागलं.

बाकी सर्व ठीक. गुडघा जप, आणि आहे तो लोभ पूर्ण वेळ चालू ठेव.
तुझा,
ठोंब्या